गर्भस्राव, गर्भपात आणि गर्भहानी : एका संशोधनमालेच्या परिभाषेची चिकित्सा

लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने २०२१ च्या एप्रिलमध्ये तीन दीर्घ निबंधांची एक माला प्रसिद्ध केली. गर्भ स्वतंत्रपणे जगू शकेल अशा अवस्थेस पोचण्यापूर्वीच आपोआप नष्ट होणे, म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘मिसकॅरेज’ म्हणतात, हा या मालेचा विषय. पहिल्या निबंधात या घटनेचे प्रमाण व तिचे शारीरिक, मानसिक आणि आर्थिक परिणाम यांचा आढावा आहे. दुसरा एखाद्या वेळी घडणाऱ्या गर्भनाशाविषयी आहे, तर तिसरा पुनःपुन्हा घडणाऱ्या गर्भनाशाविषयी. प्रजननवैद्यकात गेल्या दशकात जे संशोधन झाले त्यात या मालेचे स्थान मोठे आहे, आणि तिच्या वैद्यकीय निष्कर्षांचे मूल्यमापन वैद्यकानेच करावयाचे आहे. परंतु कोणतीही व्याधी मोजण्यापूर्वी तिला नाव द्यावे लागते आणि त्या नावाची मर्यादा आखावी लागते. ही मर्यादा आखण्याची क्रिया भाषेची आहे. ती कोठे निष्काळजीपणे झाली आहे, आणि हे संशोधन मराठीत आणताना त्या निष्काळजीपणात आणखी किती भर पडते, याचा विचार भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा खास नव्हे.

मालेतील जो आकडा जगभर गाजला तो असा : दरवर्षी जगात सुमारे २ कोटी ३० लक्ष गर्भनाश होतात, म्हणजे दर मिनिटास ४४. ज्ञात गर्भधारणांपैकी १५.३ टक्के गर्भधारणांचा शेवट असा होतो. आयुष्यात एकदा हा अनुभव आलेल्या स्त्रियांचे प्रमाण १०.८ टक्के, दोनदा आलेल्यांचे १.९ टक्के आणि तीन वा अधिक वेळा आलेल्यांचे ०.७ टक्के आहे. वीस ते एकोणतीस या वयात धोका १२ टक्के असतो आणि पंचेचाळिशीनंतर तो ६५ टक्क्यांपर्यंत चढतो. ही माहिती मोलाची आहे, यात संशय नाही. तथापि ‘दर मिनिटास ४४’ हा आकडा निरीक्षणाने हाती आलेला नाही. वार्षिक अंदाजास वर्षातील मिनिटांनी भागले की तो मिळतो. त्यामागचे १५.३ टक्के हे प्रमाण युरोप व उत्तर अमेरिकेतील सात देशांच्या सुमारे शेहेचाळीस लक्ष गर्भधारणांवरून काढलेले असून तेच सर्व जगास लावले आहे. ज्या देशांत स्त्री प्रथम दवाखान्यात जाते तीच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तेथे ‘ज्ञात गर्भधारणा’ या पदाचा अर्थच निराळा होतो. विशेषण तेच राहते. परंतु ते ज्ञान कोणाचे, डॉक्टरचे, घरातील सासूचे की त्या स्त्रीचे एकटीचे, हे बदलते.

याच विधानात एक बारीक गोष्ट आहे. वार्षिक संख्या सांगताना निबंधकार ‘मिसकॅरेज’ हा शब्द वापरतात आणि त्याच वाक्यात मिनिटाचा हिशेब देताना ‘प्रेग्नन्सी लॉस’, म्हणजे ‘गर्भहानी’, हा शब्द घेतात. एका वाक्यात एकाच वस्तूस दोन नावे यावीत, ही ललित गद्यातील पुनरुक्ती टाळण्याची सवय झाली. शास्त्रीय गद्यात मात्र निराळा शब्द आला की निराळी वस्तू अभिप्रेत आहे असे वाचकाने समजावयाचे असते. ही दोन नावे एकाच वस्तूची नाहीत, हे पुढच्याच वर्षी दिसून आले.

त्यापूर्वी मर्यादेचा प्रश्न पाहिला पाहिजे. गर्भ जगण्याच्या अवस्थेस पोचण्यापूर्वी नष्ट होणे ही मालेची सर्वसाधारण व्याख्या आहे. परंतु ती अवस्था कोणत्या आठवड्यास येते, हे उपचारांची साधने ठरवितात आणि नंतर कायदा ते लिहून ठेवतो. ब्रिटनमध्ये ही सीमा १९९२ पर्यंत २८ आठवड्यांची होती. त्या वर्षी ती २४ वर आणली गेली. अमेरिकेत साधारणतः २० आठवडे मानतात. जागतिक आरोग्य संघटना निरनिराळ्या देशांची तुलना करताना मृतजन्मासाठी २८ आठवडे धरते. भारताच्या १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमात सव्विसावा आठवडा संपेपर्यंत गर्भाशयातील गर्भ बाहेर पडणे म्हणजे ‘मिसकॅरेज’ अशी व्याख्या केली होती, आणि अशा स्त्रीस सहा आठवड्यांची पगारी रजा देऊ केली होती. तेव्हा पंचविसाव्या आठवड्यात गर्भ मृत झाला तर तो लंडनमध्ये मृतजन्म ठरे आणि मुंबईच्या गिरणीत गर्भस्राव. या सीमेच्या अलीकडे जे घडते त्याची नोंद इंग्लंडात शासनदप्तरी होत नसे. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथील शासनाने २४ आठवड्यांपूर्वीच्या गर्भनाशासाठी मातापित्यांना मागणीनुसार प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. सीमा होती तेथेच राहिली. तिच्या अलीकडील दुःखास एक कागद मिळाला.

आता ‘गर्भहानी’ या पदाकडे वळावे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच ब्रिटनमधील पंच्याहत्तर प्रसूतिविभागांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. अकाली प्रसूती टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखास जो टाका घालतात, त्याचा धागा एकपदरी असावा की विणलेला, हा त्या प्रयोगाचा प्रश्न. २,०४९ स्त्रियांनी भाग घेतला. एकपदरी धाग्याच्या गटात गर्भहानीचे प्रमाण ८.० टक्के आणि विणलेल्या धाग्याच्या गटात ७.६ टक्के निघाले. म्हणजे उल्लेखनीय फरक नव्हता. येथे ‘प्रेग्नन्सी लॉस’ची व्याख्या मात्र अशी होती : गर्भस्राव, मृतजन्म, किंवा जन्मानंतर पहिल्या आठवड्यात झालेला बालकाचा मृत्यू. म्हणजे २०२१ च्या मालेत जो शब्द जगण्याच्या अवस्थेपूर्वीच्या गर्भासाठी योजला होता, तोच एका वर्षात सहा दिवस जगलेल्या, कदाचित नाव ठेवलेल्या बालकाच्या मृत्यूसही लागू झाला. टाक्याचा हेतू जिवंत मूल हाती यावे हा असल्यामुळे या तिन्ही अनर्थांची एकत्र मोजणी करणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय आहे, आणि प्रयोगकर्त्यांनी आपली व्याख्या लपविलेली नाही. आक्षेप मोजणीवर नसून नावावर आहे. जन्मास आलेल्या मुलाच्या मृत्यूस ‘गर्भ’हानी म्हणणे हा शब्दाचा संकोचही नव्हे आणि विस्तारही नव्हे, तो शब्दावर केलेला अन्याय आहे. ‘वांछित फलाचा अभाव’ असे एखादे कोरडे पद त्यापेक्षा प्रामाणिक ठरले असते.

या टाक्याचा इतिहास मराठी वाचकास परका नाही. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात या शस्त्रक्रियेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर ‘शिरोडकर टाका’ हे नाव रूढ आहे. निबंधाच्या शीर्षकात ही शस्त्रक्रिया ज्या विकारासाठी सांगितली आहे त्याचे नाव होते ‘हॅबिच्युअल ॲबॉर्शन’. शब्दशः, सवयीचा गर्भपात. त्या काळी हे पद सर्वत्र रूढ होते, त्याचा दोष शिरोडकरांकडे जात नाही. किंबहुना त्यांच्या शोधाचा आशयच या पदाच्या विरुद्ध होता. गर्भाशयाचे मुख वेळेपूर्वी उघडते हे कारण त्यांनी दाखविले, मांडीच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी घेऊन ते बांधले, आणि ज्यास ‘सवय’ म्हणत ती एक दुरुस्त करण्याजोगी शरीररचना आहे हे सिद्ध केले. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड यांनी याच हेतूने घालावयाच्या सोप्या टाक्याचे वर्णन केले. त्यांच्या शीर्षकात ‘इनएव्हिटेबल मिसकॅरेज’, म्हणजे अटळ गर्भस्राव, असे शब्द आहेत. जे टाळण्यासाठी टाका घालावयाचा त्यास अटळ म्हणणे, हा तर्कदृष्ट्या वदतोव्याघातच होय! एकाने विकारास सवय म्हटले, दुसऱ्याने नियती म्हटले, आणि दोघांच्याही हातातील सुईने दोन्ही नावे खोटी पाडली. पुढे या स्थितीस ‘मुखाची अक्षमता’ म्हणू लागले आणि त्याहूनही अलीकडे ‘अपुरेपणा’. ‘अक्षम’ हे विशेषण कारकुनास किंवा मंत्र्यास लावतात. ते अवयवास लागले की रोगिणीच्या कानी ते स्वतःलाच लागल्यासारखे ऐकू येते.

‘सवयीचा’ जाऊन आता ‘रिकरंट’, म्हणजे पुनरावर्ती, हे विशेषण आले आहे. ते नैतिक दृष्ट्या निर्मळ असले तरी अर्थदृष्ट्या निश्चित नाही. आवृत्ती किती वेळा झाली म्हणजे ‘पुनरावर्ती’ म्हणावयाचे? ब्रिटिश परंपरेत तीन वेळा. युरोपीय प्रजननवैद्यक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दोन वेळा. अमेरिकन संस्थेनुसारही दोन. वर दिलेल्या आकड्यांवरून पाहता, तीनची अट असेल तर शंभरात एकीपेक्षा कमी स्त्रिया या नावाच्या कक्षेत येतात. दोनची असेल तर त्यांची संख्या तिपटीहून अधिक होते. तपासण्या कोणाच्या करावयाच्या, विम्याचा पैसा कोणास मिळावयाचा, प्रयोगात कोणास घ्यावयाचे, हे सर्व या एका विशेषणावर अवलंबून राहते. लॅन्सेटच्या मालेने येथे जो मार्ग सुचविला तो या मालेतील सर्वांत समंजस भाग मानला पाहिजे. पहिल्या गर्भनाशानंतर माहिती व मार्गदर्शन, दुसऱ्यानंतर प्राथमिक तपासण्या, तिसऱ्यानंतर पूर्ण तपासणी आणि विशेष उपचार, अशी चढती श्रेणी तिने मांडली. अर्थात् एकाच संज्ञेच्या दाराशी दोन किंवा तीन दुःखांची पावती दाखविण्याची अट तिने सैल केली. सोबतच्या संपादकीयात स्त्रीस नुसते ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगून परत पाठविण्याचे दिवस संपले पाहिजेत, असा आग्रह आहे. मराठी कुटुंबात ‘अजून वय आहे, होईल पुन्हा’ हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारले जाते. डॉक्टरच्या तोंडी तेच वाक्य तपासणीची टाळाटाळ ठरते. वाक्य एकच असून वक्ता बदलताच त्याचे कार्य कसे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

संज्ञेच्या सीमा निष्कर्षावर कशा उतरतात हे प्रोजेस्टेरॉनवरील प्रयोगांत स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुनरावर्ती गर्भनाश झालेल्या ८३६ स्त्रिया होत्या. औषध मिळालेल्यांत ६५.८ टक्के आणि न मिळालेल्यांत ६३.३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. औषधाचा गुण सिद्ध झाला नाही. २०१९ मध्ये गर्भावस्थेच्या आरंभी रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ स्त्रियांवर दुसरा प्रयोग झाला. तेथे प्रमाण ७५ आणि ७२ टक्के असे होते. हा फरकही संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीस उतरला नाही. पण याच स्त्रियांची पूर्वानुभवानुसार विभागणी केली तेव्हा, पूर्वी तीन वा अधिक वेळा गर्भनाश झालेल्यांत ७२ विरुद्ध ५७ टक्के असा मोठा फरक दिसला. हा गट तीनशेहून लहान होता. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने रक्तस्राव होणाऱ्या आणि पूर्वी एकदा तरी गर्भनाश झालेल्या स्त्रियांसाठी हे औषध सुचविले. म्हणजे शिफारशीची सीमा ‘तीन’ नसून ‘एक’ ठरली. या निर्णयामागील वैद्यकीय विचार सयुक्तिक असेल. पण मूळ प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आणि उपगटातील उत्तर आशादायी असताना वृत्तपत्रांनी ते दुसरेच तेवढे छापावे, हे अपेक्षितच होते. आपल्याकडे या औषधास दवाखान्यांत आणि घरांत ‘गर्भ टिकण्याची इंजेक्शने’, ‘टिकण्याच्या गोळ्या’ असे म्हणतात. जे सिद्ध करण्यासाठी दोन मोठे प्रयोग करावे लागले, ते मराठी नावाने आधीच सिद्ध धरले आहे.

नाव कारण गृहीत धरते तेव्हा किती काळ गोंधळ टिकतो, याचा एक दाखला गर्भारपणाच्या दुसऱ्या उपद्रवात सापडतो. गर्भावस्थेत रक्तदाब चढून मूत्रात प्रथिने उतरणे व अखेर झटके येणे या विकारास दीर्घकाळ ‘टॉक्सिमिया’, म्हणजे रक्तातील विषबाधा, म्हणत. विष कोणास सापडले नाही. नाव मात्र पाठ्यपुस्तकांत राहिले. त्याच्या जागी आलेले ‘प्री-एक्लॅम्प्सिया’ हे नाव ग्रीक आहे : विजेसारखे लखकन चमकणे म्हणजे एक्लॅम्प्सिया, म्हणजे अवचित येणारे झटके, आणि त्यापूर्वीची अवस्था ती ही. बहुसंख्य रोगिणींना झटके कधीच येत नाहीत. तरी त्यांचा रोग न घडलेल्या गोष्टीच्या नावाने ओळखला जातो. २० आठवड्यांनंतर १४०/९० हा रक्तदाबाचा निकष कायम राहिला. पण मूत्रातील प्रथिने अनिवार्य असण्याची अट २०१३ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी काढून टाकली आणि काल रोगी नसलेल्या काही स्त्रिया आज रोगी ठरल्या. यात एक गंमत अशी की, २००३ मध्ये आणि त्यानंतर झालेल्या संशोधनाने वारेतून रक्तात उतरणारे एक प्रथिन या विकारास बव्हंशी कारणीभूत असल्याचे दाखविले. तेव्हा ‘रक्तातील विष’ म्हणणारे जुने वैद्य अगदीच चुकले नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अधिक धोका असलेल्या सुमारे सोळाशे स्त्रियांत, १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. दिवस भरल्यानंतरच्या प्रकारात असा स्पष्ट लाभ दिसला नाही. ‘ॲस्पिरिनने प्री-एक्लॅम्प्सिया टळतो’ असे लिहिणारा केवळ एक विशेषण गाळतो. परंतु प्रयोगाचा सारा निष्कर्ष त्या विशेषणातच होता.

मूळ विषयाकडे येता, ‘मिसकॅरेज’ आणि ‘ॲबॉर्शन’ या जोडीचा इंग्रजीतील इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. वैद्यकीय इंग्रजीत आपोआप होणाऱ्या व मुद्दाम केलेल्या अशा दोन्ही प्रकारांस ‘ॲबॉर्शन’ हेच नाव होते. १९८५ मध्ये बेअर्ड, माउब्रे व पिंकर या तिघांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून, आपोआप झालेल्या घटनेसाठी ‘मिसकॅरेज’च वापरावा, कारण मूल हवे असताना गर्भ गमावलेल्या स्त्रीस दुसरा शब्द क्लेश देतो, असे सुचविले, आणि पुढे ब्रिटिश वैद्यकीय लेखनात तो बदल हळूहळू रुळला. कायद्याची भाषा मात्र वेगळ्या वाटेने गेली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमात गर्भ पाडण्याच्या अपराधास ‘मिसकॅरेज घडविणे’ म्हटले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमानेही तो शब्द सोडलेला नाही. १९६१ च्या अधिनियमात ज्या नावाने रजा मिळे, त्याच नावाने दंडसंहितेत शिक्षा होती. म्हणूनच त्या अधिनियमाला आपल्या व्याख्येतून दंडनीय प्रकार वगळण्याची तरतूद करावी लागली. १९७१ च्या कायद्याने दोन्ही शब्द टाळून ‘गर्भावस्थेची वैद्यकीय समाप्ती’ असा तिसरा प्रयोग केला.

मराठीची स्थिती याहून अडचणीची आहे, आणि ती अडचण मराठीने स्वतःवर ओढवून घेतलेली आहे. मुळात मराठीजवळ एक नव्हे, दोन भेद होते. पहिला भेद कालाचा. आयुर्वेदाच्या परंपरेत चौथ्या महिन्यापर्यंतच्या घटनेस ‘स्राव’ आणि गर्भ घन झाल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यातील घटनेस ‘पात’ म्हणत; त्यापुढे प्रसव. स्मृतिकारांनीही स्रावाचे अशौच महिन्यांच्या संख्येइतके दिवस सांगून काळाप्रमाणे शोकाची मात्रा ठरविली आहे. दुसरा भेद कर्तृत्वाचा, आणि तो बोलीतील धातूंत आहे. ‘पोट पडणे’ आणि ‘पोट पाडणे’ यांत केवळ आद्य स्वराच्या दीर्घत्वाने अकर्तृक घटना आणि सकर्तृक कृती वेगळ्या होतात. मरणे–मारणे, गळणे–गाळणे, तरणे–तारणे ही मराठीची जुनी व जिवंत रीत आहे. न शिकलेली स्त्रीही या दोहोंत कधी गफलत करीत नाही.

आधुनिक शिष्ट मराठीने ‘गर्भपात’ हे एकच नाम स्वीकारले आणि दोन्ही भेद गमावले. स्रावही त्यात आला, त्यामुळे कालभेद गेला. कर्तृत्वाचा भेद कसा गेला हे समासाच्या घडणीत दिसते. ‘गर्भस्य पातः’ या विग्रहातील षष्ठी कर्त्याची असेल तर गर्भ पडतो. कर्माची असेल तर तो कोणी पाडतो. संस्कृतात दुसऱ्या अर्थासाठी ‘गर्भपातन’ हे प्रयोजक रूप उपलब्ध होते. मराठीने ते घेतले नाही. समासात विभक्ती लोपली आणि तिच्याबरोबर कर्ताही लोपला. ‘होणे’ आणि ‘करणे’ या सहायक क्रियापदांनी हा भेद राखता येतो असे म्हटले जाईल; पण ते पूर्णतः खरे नाही. ‘तिचे ऑपरेशन झाले’ या वाक्यात ‘झाले’ असूनही शस्त्रक्रिया कोणीतरी केलेलीच असते. त्याच न्यायाने ‘तिचा गर्भपात झाला’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येते आणि ऐकणारा आपल्या संशयानुरूप अर्थ निवडतो. शिवाय तक्ते, मथळे आणि अर्ज यांत क्रियापद असतच नाही. ‘पोट पडले’ या वाक्याविषयी असा संशय संभवत नाही. परंतु ते ग्रामीण म्हणून दप्तराबाहेर राहिले आहे.

याचे परिणाम कल्पित नव्हेत. प्रसूतिविभागातील नोंदपत्रावर गर्भधारणा, प्रसूती, हयात मुले आणि ‘ॲबॉर्शन’ यांची संख्या जी, पी, एल, ए या चार अक्षरांनी लिहिण्याची पद्धत आहे. ‘ए’पुढील आकडा आपोआप झालेले आणि केलेले, दोन्ही एकत्र मोजतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भस्राव, गर्भपात आणि मृतजन्म यांची नोंद वेगवेगळी करतात. तेथे प्रश्न विचारणारीस मराठीत तो भेद वाक्याने समजावून द्यावा लागतो, आणि उत्तर देणारी स्त्री घरातील माणसांसमोर कोणता पर्याय स्वीकारील हे सांगता येत नाही. वैद्यकीय प्रयोगात भाग घेणाऱ्यांना द्यावयाचे माहितीपत्रक भाषांतरित करून पुन्हा इंग्रजीत उलटे भाषांतर करवितात व दोन्ही प्रती जुळतात का ते पाहतात. ‘मिसकॅरेज’चे ‘गर्भपात’ केले आणि उलट्या भाषांतरकाराने संदर्भ जाणून पुन्हा ‘मिसकॅरेज’ लिहिले, तर परीक्षा उत्तीर्ण होते. मधल्या प्रतीत मराठी स्त्रीने काय वाचले, हे त्या परीक्षेत कोठेच तपासले जात नाही. अलीकडे वृत्तपत्रांत ‘तिने बाळ गमावले’ असाही प्रयोग दिसतो. मराठीत ‘तिला दिवस गेले’ या वाक्यात स्त्री चतुर्थीत आहे, कर्त्याच्या जागी नाही. गर्भधारणा तिला होते. गर्भनाशाच्या वेळी तिला कर्त्याच्या जागी बसवून ‘गमावले’ म्हणणे म्हणजे हरवलेल्या पिशवीचा जाब विचारल्यासारखे वाटते. ‘मिसकॅरेज’मधील ‘मिस्’ या उपसर्गातही चुकीची छटा आहेच. ती मराठीने आयात करण्याचे कारण नाही.

‘गर्भस्राव’ हा शब्द आपोआप होणाऱ्या घटनेसाठी राखून ठेवावा, ही सूचना नवीन नाही आणि ती ग्राह्य आहे. पण तिच्यावर एक खरा आक्षेप आहे. ‘स्राव’ आणि ‘पात’ हे दोन्ही शब्द बाहेरून दिसणाऱ्या लक्षणावर बेतलेले आहेत. इयन डोनल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी उदराच्या अंतर्भागाची चित्रे घेण्याची पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, तिच्या पुढील विकासाने गर्भ आतच निष्प्राण झाल्याचे आठवडे आधी कळू लागले. ज्यास ‘मिस्ड ॲबॉर्शन’ असे विलक्षण नाव आहे त्या स्थितीत काही स्रवत नाही आणि काही पडतही नाही. तेथे शास्त्रीय मराठीने आपला अभिमान सोडून सोनोग्राफीच्या खोलीबाहेर काय बोलतात ते ऐकावे : ‘वाढ थांबली’, ‘ठोके आले नाहीत’. या दोन्ही वाक्यांत जे घडले तेच सांगितले आहे, आणि कोणासही कर्ता केलेले नाही. ‘गर्भवाढ थांबणे’ ही संज्ञा त्यातूनच घडविता येईल. तिला संस्कृत मुलाम्याची गरज नाही.

यास्तव तक्त्यांतून व अर्जांतून एकटा ‘गर्भपात’ काढून टाकावा. आपोआप घडलेल्यास गर्भस्राव, आतच निष्प्राण झालेल्यास गर्भवाढ थांबणे आणि वैद्यकीय रीतीने केलेल्यास गर्भसमापन, असे तीन रकाने करावे. ‘गर्भहानी’ हे व्यापक पद वापरावयाचेच असेल तर त्यात काय काय मोजले आहे ते त्याच ओळीत लिहावे. प्रत्येक रकान्यापुढे आठवड्यांची संख्या असावी, म्हणजे सीमा २० ची असो, २४ ची असो वा २८ ची, वाचणाऱ्यास ती आपली आपण लावता येईल. नोंदपत्रावरील ‘ए’ या एका अक्षराच्या जागी तीन आकडे लिहावयास परिचारिकेस काही क्षण अधिक लागतील.